पॉवर टूल वापरणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न: उद्यमनगरच्या दुरुस्तीच्या बाकावरून

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॉवर टूल दुरुस्तीच्या बाकावर माझी अठरा वर्षं गेली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचे फेटलिंगवाले (ओतीव माल घासून साफ करणारे), लक्ष्मीपुरीतून मशीन घेऊन थेट साइटवर जाणारे फॅब्रिकेटर, गवंडी, सुतार, हुपरीचे चांदी कारागीर, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथं एकत्र लिहिलंय. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक बिघाडांत दोष जोडीचा असतो: मशीनला न झेपणारं चाक, अंतराला न पुरणारी वायर, कामाला न चालणारा वेग. त्यामुळं उत्तरांत आकडे बरेच आहेत. ते गाळून वाचू नका.

१. नवीन काम सुरू करतोय. आधी कोणती मशीनं घेऊ?

फॅब्रिकेशनला ८५० वॅटच्या आसपासचा ४ इंची ग्राइंडर आणि १३ मिमी चकचं ड्रिल एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. प्लंबर किंवा वायरमन असाल तर रोटरी हॅमर आधी घ्या (प्रश्न ९). सुताराला सर्क्युलर सॉ घेणं टाळता येत नाही, कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

कंपनीच्या नावापेक्षा एक गोष्ट बघा. दुकानदाराला त्याच मॉडेलचा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा, झिजणारा ठोकळा) आणि आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) काढून दाखवायला सांगा, आर्मेचरची किंमत विचारा. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर ऐन कामात मशीन आठ-दहा दिवस पडून राहणार हे धरून चला.

२. मशीनच्या पट्टीवर काय काय लिहिलेलं असतं आणि त्यातलं कामाचं काय?

वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढतं. कामाला मिळणारी ताकद त्याहून कमी असते, काही भाग उष्णतेत जातो. आरपीएम म्हणजे मोकळं फिरताना मिनिटाला किती फेरे. हा आकडा ग्राइंडरवाल्यांनी पाठ करावा, पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच आहे. एकात एक दोन चौकोनांची खूण असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे (प्रश्न ६). स्पिंडलचा, म्हणजे चाक बसतं त्या दांड्याचा, आटा एम १० की एम १४ हेही बघून ठेवा, नट हरवला की उपयोगी पडतं.

पट्टी पुढं घासून जाते, म्हणून नवीन असतानाच मोबाइलवर तिचा फोटो काढायची सवय लावा.

३. ४ इंची ग्राइंडरला गार्ड काढून ७ इंची चाक लावलं तर चालतं का? आमच्याकडं सगळे लावतात.

नाही. हे पान लिहायला घेतलं ते या एका प्रश्नासाठी.

चाकाच्या कडेचा वेग काढायचं गणित सोपं आहे: व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०. ४ इंची म्हणजे १०० मिमी चाक ११,००० आरपीएमला फिरलं की कड सेकंदाला साधारण ५८ मीटर जाते. त्याच ग्राइंडरवर १८० मिमीचं चाक बसवलं की तोच हिशेब १०३ मीटरच्या पुढं जातो. चाकावर काय छापलंय बघा: ८० मीटर प्रति सेकंद. १८० मिमीच्या चाकावर कमाल ८,५०० आरपीएम लिहिलेलं असतं, कारण तेवढ्याच फेऱ्यांत ते ८० ला पोचतं. ८० मीटर सेकंदाला म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. चाक फुटलं की तुकडा त्याच वेगानं सुटतो, आणि गार्ड तर तुम्ही आधीच काढलेला असतो.

माझ्या बाकाच्या मागं एक पत्र्याचा तुकडा टांगलाय. असंच चाक लावलेला ग्राइंडर एक पोरगा दुरुस्तीला घेऊन आला, सोबत हा पत्रा. दोन मिमीच्या पत्र्यात चाकाचा नखाएवढा तुकडा उभा रुतलाय, मागून जाळीचे धागे दिसतात. पत्रा त्याच्या डाव्या खांद्याशेजारी उभा केलेला होता. वीतभर इकडं असता तर काय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

५ इंची चाकाचं विचाराल, तर ११,००० ला त्याचा वेग ७२ मीटर होतो, म्हणजे ८० च्या मर्यादेच्या आत आहे. पण ४ इंचीच्या चाकाचं भोक १६ मिमी आणि ५ इंचीचं २२.२३ मिमी. मध्ये वॉशर किंवा पाइपचा तुकडा घालून बसवलेलं चाक केंद्रात बसत नाही, थरथरतं. शिवाय गार्ड काढावाच लागतो. खोल कापायचं असेल तर ५ इंची ग्राइंडरच घ्या.

४. कटिंग व्हीलनंच वेल्ड घासला तर काय बिघडतं?

एक-दीड मिमीचं कटिंग व्हील कडेवर जोर घेण्यासाठी बनवलेलं असतं, बाजूनं दाबलं की वाकतं आणि तडकतं. लगेच फुटेल असं नाही, आत चीर पडते आणि पुढच्या कापाला फुटतं. म्हणून माणसाला कारण कळत नाही. घासायला ६ मिमीचं डीसी (मध्ये खोलगट असलेलं) व्हील किंवा फ्लॅप डिस्क.

चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि साल छापलेलं असतं. ती मुदत आहे, रेझिनची चाकं साधारण तीन वर्षांत वापरून संपवायची असतात. ओल लागलेली, पाण्यात भिजलेली चाकं मुदतीच्या आतली असली तरी टाका. नवीन चाक बसवलं की अर्धा-एक मिनिट बाजूला धरून मोकळं फिरवा, मगच कामाला लावा.

५. साइटवर वीज लांब आहे. किती लांब आणि किती जाड वायर चालेल?

५० मीटर एक्स्टेंशन म्हणजे विजेला जाऊन-येऊन १०० मीटर तांबं. १० अँपिअर ओढणाऱ्या मशीनला ०.७५ चौरस मिमीच्या वायरीत सुमारे २३ व्होल्ट वाटेतच जातात, १.५ च्या वायरीत १२, आणि २.५ च्या वायरीत ७. माझं मत: ५० मीटरसाठी २.५ च घ्या. बाजारात "तांब्याची" म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते. एक धागा चाकूनं खरवडून बघा, आतून पांढरा निघाला तर घेऊ नका.

आणि वायर गुंडाळीवर ठेवून जड मशीन चालवू नका. गुंडाळीत उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. पूर्ण उलगडा, मग लावा.

६. माझ्या ग्राइंडरला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही. शॉक बसणार नाही का?

दोन चौकोनांची खूण असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंगची गरज धरलेली नसते. त्याला तीन पिनांचा टॉप बसवून काही मिळत नाही. जुनं धातूच्या बॉडीचं मशीन असेल तर मात्र तिसरी पिन आणि खरं अर्थिंग दोन्ही पाहिजे. टॉपची मोठी पिन कापून दोन भोकांत घुसवणं बंद करा.

अपवाद लक्षात ठेवा. दुहेरी इन्सुलेशन कोरड्या, स्वच्छ मशीनसाठी आहे. आत लोखंडाचा चुरा किंवा पाणी गेलं की त्याचा भरवसा राहत नाही (प्रश्न ११ आणि १८). म्हणून साइटच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा खटका) लावाच. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा, खटका पडला नाही तर तो बदला.

७. कार्बनजवळ ठिणग्या दिसतात. किती ठिणग्या चालतात आणि कार्बन कधी बदलायचा?

कार्बन जिथं टेकतो त्या कडेला बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. ठिणग्या पिवळ्या, मोठ्या झाल्या, कम्युटेटरभोवती (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी, तिच्यावर कार्बन टेकतो) आगीचं वर्तुळ दिसू लागली की तिथंच खटका बंद करा. त्यानंतर चालवलेलं प्रत्येक मिनिट आर्मेचरच्या किमतीत जातं.

कार्बन पाच-सहा मिमी उरला की बदलायचा, बऱ्याच कार्बनवर तशी रेघ असते. बदलताना जोडीनं. एकच झिजला म्हणून एकच बदलला तर दोन्हीकडचा दाब सारखा राहत नाही. नवीन कार्बन डब्यात बोटानं हलवून बघा, स्प्रिंगवर सहज वर-खाली झाला पाहिजे. दुसऱ्या मॉडेलचा कार्बन कानशीवर घासून बसवणारे बरेच आहेत. बसतो, पण तिरका झिजतो आणि त्याची जातही वेगळी असू शकते. दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी हे करू नका.

आर्मेचर बाहेर काढलं की माझी नजर आधी तांब्याच्या पट्ट्यांवर जाते. निरोगी कम्युटेटरचा रंग चॉकलेटी, सगळीकडं एकसारखा आणि गुळगुळीत असतो. एखादीच पट्टी काळी पडून तिची कड खाल्ल्यासारखी दिसली, तर त्या पट्टीला जोडलेली कॉइल गेली असं समजा. सगळ्याच पट्ट्यांवर नुसती काजळी असेल तर बारीक काच पेपरनं साफ होते. एमरी वापरू नका, तिचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकतात आणि वीज इकडची तिकडं नेतात. शेवटी सुईच्या टोकानं प्रत्येक फट साफ करायची. वेळखाऊ काम आहे, पण निम्म्या ठिणग्या तिथंच जातात.

नवीन कार्बन घातल्यावर चार-पाच मिनिटं मोकळं चालवा. कार्बनला कम्युटेटरची गोलाई घेऊ द्या.

८. आर्मेचर जळलं. रिवाइंड करू की नवीन घेऊ?

४ इंची ग्राइंडर आणि छोट्या ड्रिलचं नवीन घ्या. पट्टीवरचा आरपीएम गिअरनंतरचा असतो, आतलं आर्मेचर त्याच्या कितीतरी पट वेगानं फिरतं, हातानं भरलेलं वाइंडिंग जराही असमतोल राहिलं तर बेअरिंग जातं. ७ इंची ग्राइंडर, डिमॉलिशन हॅमर, १४ इंची चॉप सॉ यांचं आर्मेचर महाग असतं. कम्युटेटर चांगला असेल तर चांगल्या वाइंडिंगवाल्याकडून रिवाइंड परवडतं. आपल्या गावात ही कला जुनी आहे, ऑइल इंजिन आणि पंपांच्या धंद्यावर वाढलेली.

आर्मेचर का जळलं हे शोधल्याशिवाय नवीन घालू नका. उत्तर बहुतेक वेळा प्रश्न ५, ११ किंवा १७ मध्ये सापडतं.

९. हॅमर ड्रिलला "हॅमर" लिहिलंय, तरी स्लॅबला भोक पडत नाही. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हादरे देतात, ते विटेला आणि प्लास्टरला पुरतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून हातोड्यासारखा ठोका देतो. आरसीसीला तोच लागतो, आणि त्यावर अंगाचा जोर द्यायचा नसतो. जोर दिला की ठोका मरतो.

बिट घेताना दांडी मोजा: एसडीएस प्लस १० मिमी, एसडीएस मॅक्स १८ मिमी. दांडीला दर वेळी थोडं ग्रीस लावा. सळई लागली की थांबा, भोक सरकवा. कार्बाइडचं टोक सळईवर तुटतं.

१०. बीडाला (ओतीव लोखंडाला) सरसर जाणारं ड्रिल स्टेनलेसवर नुसतं घासतंय. ड्रिल नकली आहे का?

शक्य आहे, पण आधी वेग तपासा. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला साध्या लोखंडात सुमारे ८०० आरपीएम लागतात, स्टेनलेसला त्याच्या निम्मेच, चारशेच्या आत. लोक पूर्ण वेगात, हलक्या हातानं चालवतात. ड्रिल न कापता घासत राहिलं की स्टेनलेसचा तो पृष्ठभाग दाबानं आणखी कडक होतो, आणि मग चांगलं ड्रिलही तिथं जात नाही. वेग कमी, दाब भरपूर आणि सलग, तेल सोडत राहायचं. लांब गोल छिलका निघत असेल तर बरोबर चाललंय. भुगा निघतोय आणि ड्रिल निळं पडतंय म्हणजे थांबा. ११८ अंशाऐवजी १३५ अंशाचं टोक घेतलं तर सेंटरवरून सरकतही नाही.

बीड उलट आहे. त्यात ग्राफाइट असतं, तेच वंगणाचं काम करतं. बीड कोरडंच पाडा. तेल ओतलं तर चुऱ्याचा चिखल होऊन ड्रिलच्या खाचा बुजतात.

स्टेनलेससाठी वेगळी चाकं ठेवा. लोखंड कापलेलं चाक स्टेनलेसवर लावलं की त्याचे कण चिकटतात आणि पुढं तिथं गंजाचे ठिपके येतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही खोटा माल लावला."

११. फाउंड्रीत फेटलिंगला ग्राइंडर दोन-दोन महिन्यांत जळतात. कंपनी बदलली तरी तेच. काय करू?

शिरोली आणि गोकुळ शिरगावातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कोल्हापूरची कास्टिंग देशभर जातात, आणि त्यामागं शेकडो हात दिवसभर ग्राइंडर धरून असतात.

फेटलिंगची धूळ म्हणजे वाळू आणि लोखंड. मशीनचा पंखा थंड व्हायला हवा ओढतो, त्याबरोबर हीही आत येते. वाळू वाइंडिंगचं वार्निश खरवडते, सँड ब्लास्टिंग केल्यासारखी. लोखंडाचा चुरा चुंबकामुळं फील्ड कॉइलवर (मोटरच्या न फिरणाऱ्या वेटोळ्यांवर) दाढीसारखा चिकटतो आणि उघड्या पडलेल्या तारांमध्ये पूल बांधतो. असा ग्राइंडर उघडला की मूठभर चुरा बाकावर पडतो. आर्मेचरचं टोक बोटानं घासलं तर लाल वार्निशच्या जागी चकचकीत तांबं दिसतं.

यावर लोक काय करतात? हवेच्या जाळीवर जुना मोजा नाहीतर बनियनचं कापड बांधतात. त्यानं धूळ थोडी अडते, पण हवाही अडते, आणि मशीन धुळीऐवजी उष्णतेनं जळतं.

करायचं ते असं. पाळी संपली की मशीन मोकळं चालू ठेवून मागच्या जाळीतून कोरडी हवा मारा. कंप्रेसरचं पाणी आधी काढा, नाहीतर चुरा आतच थापला जातो. डोळ्यांना चष्मा लावूनच. महिन्यातून एकदा उघडून साफ करा, कार्बन बघा. दोन पाळ्यांना एकच ग्राइंडर ठेवण्यापेक्षा दोन ठेवून आलटून पालटून वापरा. दिवसभर एकाच जागी बसून घासायचं काम असेल तर हवेवर चालणारा ग्राइंडर किंवा हाय फ्रिक्वेन्सीचा ग्राइंडर बघा, त्यांत कार्बनच नसतो. कंप्रेसरचा खर्च धरूनही मोठ्या फाउंड्रीला ते परवडतं.

आणि या मशीनच्या बोर्डावर आरसीसीबी नसेल तर आजच लावा. आतला चुरा जिथवर पोचतो तिथवर वीज पोचते.

१२. ऑनलाइन "१२८ व्होल्ट"ची बॅटरी ग्राइंडर स्वस्तात मिळतोय. १८ व्होल्टवाल्यापेक्षा चांगला असेल ना?

तो १२८ व्होल्टचा नसतो. बॅटरी खोला किंवा पाठीमागची बारीक पट्टी वाचा, बहुतेकांत पाच सेल निघतात. एका लिथियम सेलचे नेहमीचे व्होल्ट ३.६, पाच सेलचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर एका सेलचे ४.२, पाचांचे २१. "१८ व्होल्ट" आणि "२० व्होल्ट मॅक्स" यांतही फरक नाही, मोजायची वेळ वेगळी. ४८, ८८, १२८ हे आकडे पुष्कळदा मॉडेलच्या नावाचे असतात, गिऱ्हाइकानं ते व्होल्ट समजावेत अशा तऱ्हेनं छापलेले. मला याची चीड येते, कारण फसतो तो नवीन पोरगा, उसने पैसे घेऊन आलेला.

तुलना करायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. पाच सेलच्या छोट्या बॅटरीवर १५ अँपिअर-अवर लिहिलं असेल तर तेही खोटं. बॅटऱ्यांत वापरतात त्या १८६५० मापाच्या सेलमध्ये साडेतीनच्या आसपासच मावतं.

१३. बॅटरी दोन वर्षांतच बसते. वाढवायला काय करू?

गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. उन्हात उभ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर साधारण निम्मी भरून ठेवा. फुगलेली, पडून तडा गेलेली बॅटरी चार्ज करायची नाही, आणि रात्री दुकान बंद करून चार्जिंग सोडून जायचं नाही.

१४. सुतारकाम करतो. मार्बल कटरला दातेरी पान लावून प्लाय कापतो, कधी काही झालं नाही. तरी का नको म्हणता?

कारण झालेल्यांचे हात मी बघितलेत.

मार्बल कटर १२,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त फिरतो आणि टाइलसाठी बनवलाय. हिऱ्याचं पान घासत जातं, त्याला दात नसतात. दातेरी पान लाकडात चावतं. काप मिटून पान चिमटलं की दात अख्खं मशीन तुमच्याकडं उडवतात. सर्क्युलर सॉचा खालचा गार्ड स्प्रिंगनं आपोआप परत झाकतो, मार्बल कटरला तो नसतो. मशीन उडालं तेव्हा पान उघडंच असतं.

७ इंची सर्क्युलर सॉ पाच हजाराच्या आसपास फिरतो. पान प्लायच्या खाली तीन ते पाच मिमीच निघेल एवढी खोली लावा. प्लायला कापाच्या दोन्ही बाजूंनी आधार द्या, म्हणजे काप मिटणार नाही. अजून सॉ घेणं जमत नसेल, तर निदान मार्बल कटरच्या आरपीएमपेक्षा जास्त आरपीएम छापलेलं पान घ्या आणि त्याचा गार्ड हलवू नका. आणि दातेरी पान ग्राइंडरला कधीही लावू नका. याला अपवाद नाही.

१५. मशीनवर हातमोजे घालायचे की नाही? एक जण घाल म्हणतो, एक जण काढ.

दोघंही बरोबर आहेत, मशीन वेगळं आहे. हातातल्या ग्राइंडरवर घट्ट बसणारे चामड्याचे घाला. पिलर ड्रिल, लेथ, बेंच ग्राइंडर इथं मोजे अजिबात नकोत. फिरता चक मोज्याचा एक धागा पकडतो आणि हात गुंडाळतो. तेच ढिल्या बाहीचं, गळ्यातल्या गमछाचं आणि मनगटावरच्या दोऱ्याचं. देवाचा दोरा कापायला मन होत नाही, हे मला माहीत आहे. बाहीचं बटण लावून आत दाबा, किंवा तो दंडाला बांधा.

१६. धुळीसाठी रुमाल बांधतो, पुरतो का?

नाही. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट आणि फाउंड्रीच्या वाळूची जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुफ्फुसात खोल जाते. त्यातल्या सिलिकानं सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. एन ९५ मास्क, नाकाशी घट्ट बसलेला. दाढी वाढलेली असेल तर कडेनं हवा शिरते. पाणी मारून कापलं तर धूळ बसते, पण पाण्यासाठी बनवलेलं मशीन आणि आरसीसीबी दोन्ही असल्याशिवाय नको (प्रश्न ६).

१७. गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मशीन चालवावं का?

ठरलेले २३० व्होल्ट आहेत. १९० वर कार्बनवाली मशीनं मंद होतात, चालतात. पण कामाचा जोर तेवढाच ठेवला तर पंखा मंद आणि प्रवाह जास्त, म्हणून तापतात. हलका हात ठेवा, मधेमधे मोकळं फिरवून गार करा.

कंप्रेसर आणि पाण्याच्या मोटरीला हे लागू नाही. त्यांची सुरू होतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गात घटते, १९० ला ती दोन तृतीयांशच उरते. टाकीत हवा असताना मोटर नुसती घुमत राहिली तर लगेच बंद करा, टाकी रिकामी करून सुरू करा.

१८. पुरात मशीन बुडालं होतं. दोन दिवस उन्हात वाळवलंय, आता चालू करू का?

करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, दुधाळी भागातून पोती भरून मशीनं आली. जी न लावता आणली त्यांतली बरीच वाचली. "बघू तरी" म्हणून खटका दाबलेली बहुतेक गेली.

पंचगंगेचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो. बाहेरून मशीन खडखडीत वाळतं. आत कम्युटेटरच्या फटीत, स्विचमध्ये, बेअरिंगच्या गोळ्यांत तो गाळ ओला राहतो आणि वीज वाहून नेतो.

क्रम असा. पूर्ण उघडा. ऐकायला विचित्र वाटेल, पण आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, गाळ निघाल्याशिवाय वाळवण्याला अर्थ नाही. हवा मारा. आर्मेचर आणि फील्ड बल्ब लावलेल्या पेटीत, हाताला चांगलं गरम लागेल इतक्या उष्णतेत दोन-तीन दिवस ठेवा. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. २ मेगाओमच्या खाली दाखवला तर परत पेटीत. बेअरिंग, स्विच, ग्रीस, कार्बन हे सगळं नवीन. जुनं बेअरिंग फिरतंय म्हणून ठेवू नका, आठ दिवसांत आवाज करतं. पाण्यात राहिलेली चाकं टाका (प्रश्न ४).

बुडालेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, वाळली तरी नाही. घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की ४३ ची धोका पातळी यायची वाट बघू नका. मशीनं माळ्यावर टाका.

१९. पूर नाही, पण पावसाळ्यात ड्रिल, चक, कानस सगळं गंजतं.

गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला हे जास्त. काम झालं की चकवर तेलाचा बोळा फिरवा. ड्रिल तेल पाजलेल्या कापडात गुंडाळा. कानशीला तेल नको, खडू घासा, तो ओल पितो. मशीन थेट फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

२०. खंडेनवमीला पूजेसाठी मशीनं धुतो. चालतं का?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उद्यमनगरात फिरलात तर प्रत्येक मशीनला हार दिसेल. मलाही तो दिवस वर्षातला सगळ्यात आवडता. पण पाणी नको. कोरडी हवा आणि कोरडा फडका वापरा, हळद-कुंकवाचं बोट गिअरच्या डब्यावर लावा, हवेच्या जाळीवर नको. तिथून ओलं कुंकू आत जातं. नारळाचं पाणी उंबऱ्यावर सोडा.

त्याच दिवशी गिअरचं ग्रीस बदला, कार्बन मोजा, वायर टोकापासून टोकापर्यंत हातातून फिरवून चिरा शोधा. वर्षातून एक तारीख अशी ठरलेली असली की विसरत नाही.

२१. ग्राइंडर पॉलिशसाठी मंद हवाय. पंख्याचा रेग्युलेटर लावू का?

हुपरीतून विचारतात. पंख्याचा रेग्युलेटर शंभरेक वॅटसाठी असतो, ८५० वॅटचा ग्राइंडर त्याला जाळतो. जास्त वॅटचा डिमर लावला तर वेग कमी होतो, पण मशीनचा स्वतःचा पंखाही मंद होतो आणि जोर दिला की ते अडखळतं. घरातल्या दोन मिनिटांच्या कामाला ठीक. रोजच्या पॉलिशला आतच वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं मशीन घ्या, किंवा चांदीच्या बारीक कामाला लटकती मोटर आणि लवचिक शाफ्ट.

आधीच व्हेरिएबल स्पीड असलेल्या मशीनला बाहेरून डिमर लावू नका. दोन सर्किटं एकमेकांत भांडतात आणि आतलं जळतं. घरच्या जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही असली मशीनं चालवू नका, कारण तेच. साधा, वेग न बदलणारा ग्राइंडर त्यावर चालतो, इन्व्हर्टरची ताकद पुरत असेल तर.

२२. दिवसभर ग्राइंडर धरला की रात्री बोटांना मुंग्या येतात, गारठ्यात टोकं पांढरी पडतात. मशीनचा दोष का?

काही अंशी. वाकडं किंवा असमतोल चाक, ढिलं बेअरिंग, काढून टाकलेला बाजूचा दांडा यांनी थरथर वाढते, ती आधी दुरुस्त करा. पण बोटं पांढरी पडणं हे हाताच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावल्याचं लक्षण आहे, आणि पुढं गेलं की परत येत नाही. डॉक्टरांना दाखवताना "रोज किती तास ग्राइंडर धरतो" हे स्वतःहून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. मालक असाल तर त्या माणसाला सलग घासायला लावू नका, तासाभरानं दुसरं काम द्या. मशीन माझ्याकडं पाठवा, बेअरिंग मी बघतो.